पाण्यावरची हिरवी साय

वऱ्हाडात पाण्याबद्दल दोनच प्रश्न विचारायची पद्धत आहे. नळ आला का, आणि किती वेळ राहील. पाणी कसे आहे, हा तिसरा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ज्याला घागर भरण्याची विवंचना, त्याला पाण्याच्या रंगाची चौकशी कुठून सुचणार? तरी आज तुमचा थोडा वेळ घेऊन मी त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे, आणि त्याच्याही एका बारीक भागाबद्दल. तो भाग म्हणजे तळ्याच्या, धरणाच्या पाण्यावर केव्हा केव्हा धरणारी हिरवी साय, आणि ती धरते आहे हे वेळेवर कसे कळावे, ही गोष्ट.

मी चांदूर रेल्वेचा. शाळेत पुष्कळ वर्षे विज्ञान शिकवले. नोकरी संपल्यावर पुष्कळांना फिरायचा नाद लागतो तसा मलाही लागला. फरक एवढाच, की माझे पाय आपोआप पाण्याकडे वळतात. बडनेऱ्याकडे निघाले की चांदूरच्या पुढे मालखेड लागते. तिथे पोहरा-मालखेडच्या जंगलाच्या अंगाला मातीच्या धरणाने अडवलेला तलाव आहे. हिवाळ्यात पक्षी पाहायला अमरावतीहून मंडळी येतात, त्यांच्या गळ्यात दुर्बिणी असतात. मला पक्ष्यांची नावे चारपाचच येतात. मी आपला पाणी पाहतो.

पण मी सांगतो आहे ती गोष्ट मालखेडची नव्हे. ती आहे एका गावतळ्याची, आणि त्या गावाचे नाव मी घेणार नाही; तळ्याची बदनामी व्हायला दोन दिवस पुरतात आणि ती धुऊन निघायला दहा वर्षे लागतात. पावसाळा सरता सरता, उघडीप पडून ऊन तापू लागले होते. सकाळी सहाच्या सुमारास मी बांधावर पोचलो, तर एका कोपऱ्यात वाऱ्याने लोटलेला हिरवागार थर. कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा करावा तसा. काठाच्या दगडांवर तो वाळला होता तिथे निळसर डाग पडले होते, कपड्यांना द्यायच्या निळीसारखे. जाळे घेऊन आलेला एक भोई होता. त्याला विचारले, हे केव्हापासून?

तो म्हणाला, "गुर्जी, हे सकायीच दिसते जी. दुपारी याल त काहीच नसते. कुठं जाते कोणाले मालूम!"

दुपारी मी मुद्दाम परत गेलो. खरोखरच थर विरला होता. पाणी नुसते हिरवट, गढूळ. दुपारी कुणी शहाणा माणूस बाटली घेऊन आला असता, तर त्याने फार तर 'पाणी किंचित हिरवे' अशी नोंद केली असती आणि तो निघून गेला असता. भोयाच्या त्या एका वाक्यात आजच्या विषयाचा अर्धा भाग आला आहे. तो कसा, ते सांगतो.

या सायीला आपण शेवाळ म्हणतो, आणि ते चूक नाही. पण दगडावर पाय घसरवणारे शेवाळ वेगळे, पाण्यात केसांसारखे लोंबते ते वेगळे, आणि हे वेगळे. शास्त्रज्ञ याला नीलहरित शैवाल म्हणत आले. अलीकडे त्याची गणना शैवालात न करता जीवाणूंत करतात. हा जीव फार पुराणा आहे. दोन अब्ज वर्षांहून अधिक काळापूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली ती याच्या पूर्वजांनी. याच कुळातले काही जीव भाताच्या खाचरात हवेतला नत्र धरून पिकाला देतात, म्हणून शेतकी खाते त्यांचे खत करून वाटीत आले आहे. तेव्हा हा काही जन्मजात चोर नव्हे. फाजील खायला मिळाले की माजतो, एवढेच. त्याचे खाणे म्हणजे स्फुरद आणि नत्र. शेतातून वाहून आलेले डीएपी आणि युरिया, गावाचे सांडपाणी, गोठ्याची घाण, हे सगळे पावसाबरोबर तळ्यात उतरते. मग पाणी स्थिर झाले, ऊन तापले, वारा पडला, की आठ-पंधरा दिवसांत तो फुलतो.

आता तो सकाळी वर आणि दुपारी गडप का, ते ऐका. याच्या काही जातींच्या पेशींत हवेच्या बारीक कुप्या असतात. मायक्रोसिस्टिस म्हणून एक जात आहे, तिच्यात तर असतातच. पोहायला शिकणारा पोरगा पाठीला रिकामा डबा बांधतो ना, तसा हा प्रकार. दिवसा उन्हात ही पेशी साखर तयार करते, तिचे वजन वाढते, ती खाली बुडू लागते. रात्री ती साखर खर्चून हलकी होते आणि वर येते. वारा नसलेल्या पहाटे सगळी फौज पृष्ठभागावर जमलेली असते. पुढे झुळूक सुटली की ती एका कोपऱ्याला लोटली जाते. म्हणजे एकाच तळ्यात, एकाच दिवशी, या काठाला विष आणि त्या काठाला स्वच्छ पाणी अशी स्थिती असू शकते, आणि सहा तासांनी ती बदलूही शकते.

विष हा शब्द मी जाणून वापरला. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थांनी 'नेचर' या इंग्रजी शास्त्रीय पत्रात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराविषयी लिहिले. सरोवरावर अशीच जाड हिरवी साय धरली होती आणि ते पाणी प्यालेली गुरेढोरे, मेंढ्या, कुत्री पटापट मेली होती. तेव्हापासून पुढच्या शोधांत या विषांची नावे एकेक कळत गेली. त्यात मायक्रोसिस्टिन हे मुख्य. ते यकृतावर घाला घालते. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभर चालेल अशी त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १ मायक्रोग्रॅम धरली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे वर्गात सांगताना माझी नेहमी पंचाईत होई. असे समजा, की १० लाख लिटरची पाण्याची टाकी आहे, आणि तिच्यात १ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या तराजूत जेमतेम ८ गुंजा, इतके ते विष मिसळले आहे. तिथे मर्यादा गाठली.

याला स्वतःचा वास नाही, चव नाही. पाण्याला मातकट, कोंदट वास येतो तो बहुधा त्याच जातभाईंनी सोडलेल्या दुसऱ्याच एका द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य निरुपद्रवी असते. वास आला म्हणजे विष असेलच असे नाही; वास नाही म्हणजे नसेलच असेही नाही.

तुम्ही म्हणाल, उकळून प्यावे, झाले. इथेच खरी अडचण आहे, आणि माझे आजचे सांगणेही हेच आहे. या बाबतीत आपले नेहमीचे घरगुती आणि सरकारी उपाय, उशिरा केले, तर उलटतात. उकळण्याने पटकीचे, विषमज्वराचे जंतू मरतात, हे तुम्हा-आम्हाला लहानपणापासून पाठ आहे आणि ते खरेही आहे. पण मायक्रोसिस्टिन उकळीला भीत नाही. उलट पेशी फुटतात, आत असलेले विष पाण्यात येते, आणि वाफ निघून गेल्यामुळे उरलेले पाणी जरा जास्तच तीव्र होते.

दुसरा उपाय मोरचुदाचा. तळ्यात मोरचूद टाकला की शेवाळ मरते, हे जुन्या पाणीपुरवठा खात्यांना माहीत होते आणि जगभर तो टाकला जाई. १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळ पाम नावाच्या बेटावर असेच झाले. बेटाला पाणी सॉलोमन धरणाचे. धरणात शैवाल माजले, लोकांनी वास-चवीची तक्रार केली, तेव्हा धरणात मोरचूद टाकण्यात आला. काही दिवसांत बेटावरची माणसे आजारी पडू लागली. आकडा १४८, त्यांपैकी १३८ मुले. यकृत सुजलेले, उलट्या, पुढे हगवण. पुष्कळांना दवाखान्यात ठेवावे लागले. सुदैवाने मृत्यू झाला नाही. सुरुवातीला याला गूढ रोग म्हटले गेले. कारण उलगडायला काही वर्षे लागली. शैवाल जिवंत होते तोवर विष बहुतांशी त्याच्या पोटात होते. मोरचुदाने ते एका झटक्यात मेले आणि पोटातले सगळे पाण्यात आले. लोकांची तक्रार ऐकून, लोकांच्या भल्यासाठी केलेली गोष्ट ती!

क्लोरीनचेही थोडे तसेच आहे. विरघळलेले विष क्लोरीनने मोडते, पण पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला तर, आणि पाण्याचा सामू ८ च्या खाली असेल तर. शैवाल माजलेल्या पाण्याचा सामू दुपारी ९ च्या वरही जातो, कारण ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असते. म्हणजे नेमक्या त्याच दिवशी क्लोरीन लंगडे पडते. शिवाय गाळण्याआधीच क्लोरीन मारले तर पेशी फुटतातच. तेव्हा खरा उपाय म्हणजे पेशी अखंड असतानाच त्यांना तुरटीने खाली बसवून वाळूच्या गाळणीत अडवणे, आणि त्याहून चांगला म्हणजे ते पाणी आत घेणेच टाळणे. दोन्हींना एकच गोष्ट लागते. आधी कळले पाहिजे.

आणि आधी कळणे म्हणजे काय? मी एकदा कळवून पाहिले. वऱ्हाडातल्याच एका गावी नातेवाइकांकडे मुक्कामाला होतो. नळाच्या पाण्याला मातकट वास येऊ लागला. आमच्या वन्संबाई म्हणाल्या, "भाऊजी, चार दिवस झाले, चहासुद्धा मातीसारखा लागतो." मी कचेरीत जाऊन अर्ज दिला. तिथल्या माणसाने सभ्यपणे अर्ज घेतला, नमुना घेतला, पोच दिली. उत्तर सतराव्या दिवशी आले: नमुना पिण्यास योग्य. त्यात खोटे काही नसेल. पण तो नमुना कोणत्या वेळचा, तळ्याच्या कोणत्या बाजूचा, नळाचा की टाकीचा, यांतले काहीही त्या कागदावर नव्हते; आणि शैवालासाठी तो तपासलाच नव्हता. तोवर सतरा दिवसांचे पाणी घराघरांत पिऊन झाले होते. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्या हातात महिन्याला एक बाटली भरण्याची पद्धत होती, ती त्याने पाळली.

लोणारचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. तेही आपल्या वऱ्हाडातलेच. एरवी नीलहरित शैवालाने हिरवे दिसणारे ते खारे सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. वन खात्याने नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या नीरीकडे पाठवले. आघारकर संस्थेने जुलैत निदान दिले, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. नमुना स्थिर ठेवला, तर जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. उत्तम काम झाले. पण बघा, रंग डोळ्याला दिसला जूनमध्ये आणि कारण कळले जुलैत. लोणारचे पाणी कुणी पीत नाही, म्हणून महिनाभर थांबणे परवडले.

पिण्याच्या पाण्याला ते परवडत नाही, म्हणून निघाली चोवीस तास पाण्यात बसून राहणारी यंत्रे. नीलहरित शैवालात एक निळे रंगद्रव्य असते, फायकोसायनिन त्याचे नाव. दगडांवर मी पाहिलेले निळे डाग याचेच. यावर नारिंगी प्रकाश टाकला, तर ते तो प्रकाश गिळून किंचित अधिक तांबडा प्रकाश परत फेकते. साध्या हिरव्या शेवाळात हे रंगद्रव्य नसते. त्याला निळा प्रकाश दाखवावा लागतो, मग त्याचे हरितद्रव्य तांबडे चमकते. तेव्हा मनगटाएवढ्या नळीत दोन छोटे दिवे आणि परत येणारा प्रकाश मोजणारा डोळा बसवला, की तो डोळा सांगतो: साधे शेवाळ इतके, नीलहरित इतके. ही नळी तरंगत्या पिंपाखाली टांगायची, वर सूर्यप्रकाशावर चालणारी बॅटरी, आणि मोबाइलच्या जाळ्यातून आकडे कचेरीत. सोबत सामू, विरघळलेला प्राणवायू आणि तापमान हेही मोजतात. शैवाल वाढू लागले की सामू आणि प्राणवायू यांचे दिवसा चढणे आणि रात्री उतरणे रोज थोडे थोडे वाढत जाते. साय डोळ्याला दिसण्याच्या आधीच ही चढउतार बोलू लागते.

हिशेब करा. महिन्याला एक बाटली म्हणजे वर्षाला १२ आकडे. दर पंधरा मिनिटांनी एक मोजणी म्हणजे दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५ हजार ४०. माझ्या भोयाने पाहिलेली सकाळची साय त्या बारांत सापडणे नशिबाची गोष्ट. या पस्तीस हजारांत ती चुकूच शकत नाही.

मात्र या यंत्राचे गुणगान करताना त्याची खोडही सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्याकडे यंत्र बसवल्याचा समारंभ होतो आणि काम संपले असे समजतात. हे यंत्र रंग मोजते, विष मोजत नाही. त्याच जातीचा एक वंश विषारी, दुसरा बिनविषारी असू शकतो. रंग दोघांचा सारखा. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ आला की डोळा गोंधळतो. भिंगावर आठ दिवसांत बुळबुळीत थर बसतो, म्हणून त्यावर मोटारीच्या काचेसारखा पुसणारा दांडा असतो. तो बिघडला की आकडे चढतात आणि सगळे घाबरतात. आणि किंमत लाखांत जाते. तेव्हा यंत्राने हाक मारली की माणसाने जाऊन पाणी आणायचे, सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची आणि विषाची वेगळी परीक्षा करायची. तिलाही काही तास लागतात.

आपल्याकडे हरभरा, तूर उभी असताना रानडुकरांसाठी शेतावर जागलीला जातात. जागल्या डुकरे मारीत नाही. तो ओरडतो, डबा वाजवतो. घरची माणसे उठली तरच पीक वाचते. हे यंत्र तसे जागलीला बसलेले आहे.

उठलेल्या माणसांनी काय केले, याचे चांगले-वाईट दोन्ही धडे एका शहरात सापडतात. अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी टोलेडो आहे. त्या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात मका आणि सोयाबीन पिकते. सोयाबीन म्हटल्यावर आपले कान टवकारायला हरकत नाही. शेतातले स्फुरद नदीने सरोवरात येते आणि उन्हाळ्याच्या शेवटी सरोवराचा पश्चिम भाग हिरवा होतो. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे, शुद्ध केलेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन मर्यादेबाहेर निघाल्यावर, शहराला हुकूम सुटला: नळाचे पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. चार लाखांहून जास्त माणसे. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या काही तासांत संपल्या. ४ तारखेला बंदी उठली. त्यानंतर तिथे सरोवरात तरंगती यंत्रे वाढवली गेली, शहराला पाणी घेण्याची जागा सरोवरात काही किलोमीटर आत आहे तिथे पाहणी सुरू झाली. पाणी तिथून शुद्धीकरण केंद्रात यायला जो वेळ लागतो तेवढा वेळ आता तयारीला मिळतो: कोळशाची बारीक भुकटी पाण्यात सोडून विष शोषून घ्यायचे, तुरटीची मात्रा बदलायची. दोन दिवसांचा गोंधळ आणि काही तासांची तयारी, फरक एवढाच आहे; पण ज्याच्या घरी तान्हे मूल आहे त्याला तो विचारा.

उपग्रहांचेही ऐकले असेल. युरोपचे सेंटिनेल उपग्रह वरून पाण्याचा रंग पाहतात. त्यांतल्या एका जोडीला फायकोसायनिनची नेमकी छटा ओळखता येते, पण तिचा एक ठिपका ३०० मीटरचा. एरी सरोवराला ते ठीक. आपल्या तळ्यात असे दोन-तीनच ठिपके मावणार, आणि तेही काठाच्या जमिनीने बिघडलेले. दुसऱ्या जोडीचा ठिपका १० मीटरचा, पण ती पाचेक दिवसांनी येते आणि तिला नुसते हिरवे कळते, निळे नाही. त्यात आपले आषाढ-श्रावण ढगांत जातात. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयाला मात्र उपग्रह खरोखर उपयोगी पडेल. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून तिथे येते, पाणी वरचेवर हिरवे होते, आणि सोलापूर शहर त्याच धरणाचे पाणी पिते.

आणि आपण? अमरावतीला पाणी ऊर्ध्व वर्ध्याचे, अकोल्याला काटेपूर्णेचे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गावेच्या गावे धरणाच्या नळावर आहेत. एका जलाशयावर इतकी माणसे टांगलेली असताना त्या जलाशयाकडे महिन्यातून एकदा पाहणे पुरेसे नाही. या धरणांत विष आहे असे माझे म्हणणे नाही. पहारा असावा एवढेच म्हणणे आहे. जाणकारांची उणीव नाही. १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली, १९७४ पासून तिलाच नीरी म्हणतात. गाडीत बसले की चांदूरहून तीन-चार तासांचा रस्ता. २०१९ च्या जलजीवन मिशनखाली गावोगाव पाच पाच बायांना पाणी तपासायची पेटी चालवायला शिकवायचे ठरले. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण ती पेटी फ्लोराइड, नायट्रेट, उरलेले क्लोरीन असले सांगते. शैवालाचे विष सांगणे तिचे काम नाही.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे थोडीही ढिलाई चालत नाही. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त यंत्राने धुतात, त्या यंत्राला एका वेळेला शंभराहून जास्त लिटर पाणी लागते आणि त्या पाण्यातले विष थेट रक्तात उतरते. ब्राझीलमधल्या कारुआरू गावी फेब्रुवारी १९९६ मध्ये अशा दवाखान्याला टँकरने धरणाचे पाणी आले, ते नीट शुद्ध केलेले नव्हते. यकृत निकामी होऊन पन्नासाहून अधिक रोगी दगावले. चार वर्षांनी, २००० साली, ब्राझीलने पिण्याच्या पाण्याच्या नियमांतच या जीवांची पाहणी सक्तीची केली. आपल्या जिल्ह्याच्या गावी आता असे दवाखाने आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही असतात. म्हणून टँकर कोणत्या तळ्यावर, कोणत्या काठाला, किती वाजता भरला, हे लिहून ठेवण्याची सवय तिथल्या मंडळींनी लावून घ्यावी.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला करण्यासारखे थोडे आहे. १८६५ साली अँजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने समुद्राच्या पाण्यात पांढरी थाळी सोडून ती किती खोल दिसते ते मोजले. आजही तळ्यांवर तेच करतात. वीतभर व्यासाची पत्र्याची गोल थाळी घ्या, चार भाग करून दोन पांढरे, दोन काळे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा, दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारा. थाळी दिसेनाशी होते ती गाठ वहीत लिहा, तारीख आणि वेळ घालून. पावसाळ्यातल्या गाळाने ती वर येईलच. पण गाळ बसल्यावर, पाऊस नसताना, आठवड्यात दोन-तीन गाठी वर आली, तर तळ्यात काही तरी वाढते आहे. मग सकाळी लवकर, हातात रबरी मोजा घालून, काचेची बाटली पाऊण भरा, झाकण सैल लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवे तळाशी बसले तर बहुधा साधे शेवाळ. वर येऊन मानेशी कडे धरले तर नीलहरित असण्याचा संभव जास्त. ही परीक्षा पक्की नव्हे. पण कचेरीत अर्ज घेऊन जाताना हातात वही असली, की बोलणे वेगळ्या पायरीवर सुरू होते. त्या पाण्यात पोरांना पोहू देऊ नका, गुरे दुसऱ्या काठाला न्या. आणि मोरचूद घेऊन कुणी धावत आला, तर त्याला आधी विचारा, या तळ्याचे पाणी आज कोण कोण पिणार आहे?

नवव्या इयत्तेतली चार मुले आता माझ्याबरोबर येतात. थाळी त्यांनीच केली आहे, एका फुटक्या पातेल्याच्या झाकणाची. गेल्या रविवारी मालखेडला थाळी सातव्या गाठीपर्यंत दिसली. बाटली माझ्या खिडकीत रात्रभर ठेवली होती. सकाळी पाहिले तर हिरवे सगळे तळाशी, वरचे पाणी नितळ. एका मुलाचा थोडा हिरमोड झाला. मी त्याला वही दिली आणि तेवढेच लिहायला सांगितले: तारीख, वेळ सकाळी सहा वीस, वारा नाही, सात गाठी, तळाशी.